कमिशनवरचा ताडोबा

मोहर्लीच्या गेटवर जिप्सीत बसलेल्या पर्यटकाने तिथवर येईपर्यंत दोन-तीन जणांना कमिशन मिळवून दिलेले असते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. घरून निघण्यापूर्वी त्याने ‘ताडोबात कुठे राहावे’ असे गुगलला विचारले, वर आलेल्या पानावरच्या एका रिसॉर्टवर बोट ठेवले आणि खोली घेतली. दुर्बीणही त्याने ‘दहा उत्तम दुर्बिणी’ अशा कुठल्याशा यादीतून मागवली. त्याच्याकडून पैसा जास्त घेतला गेला नाही. विकणाऱ्याने विक्रीच्या रकमेतले काही टक्के वाट दाखवणाऱ्याच्या हातावर ठेवले, इतकेच. अफिलिएट मार्केटिंग म्हणतात ते हेच. चंद्रपूरच्या जंगलावर या धंद्याने गेल्या दीड दशकात भरपूर लिहून घेतले, पण शेजारच्या गडचिरोलीकडे त्याचे फारसे लक्ष गेले नाही. असे का झाले, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

ॲमेझॉनने जुलै १९९६ मध्ये ‘असोसिएट्स’ ही योजना सुरू केली. आपल्या संकेतस्थळावरून पुस्तकाचा दुवा द्या, गिऱ्हाईक त्यावरून आले आणि त्याने खरेदी केली की वाटा घ्या. ही कल्पना पहिल्यांदा ॲमेझॉनला सुचली नव्हती, पण जगभर पसरवली ती ॲमेझॉननेच. तेव्हा भारतात व्हीएसएनएलचे इंटरनेट येऊन जेमतेम वर्ष झाले होते, तेही मोठ्या शहरांत. १९५५ चे ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि १९८६ चे अंधारी अभयारण्य मिळून झालेला व्याघ्र प्रकल्प १९९५ चा, म्हणजे तोही त्याच सुमाराचा. ताडोबाची खोली त्या काळी ओळखीच्या माणसाला फोन करून मिळायची.

आपल्याकडे या धंद्याला जमीन मिळाली ती फ्लिपकार्ट (२००७) आणि ॲमेझॉन इंडिया (जून २०१३) आल्यावर. मग एकेक जात उगवली. कुपनांची संकेतस्थळे आली. मायस्मार्टप्राइससारखी भावांची तुलना करणारी आली. २०१३ पासून कॅशकरो आपल्या कमिशनातला हिस्सा गिऱ्हाइकालाच परत देऊ लागली आणि २०१६ मध्ये त्यात रतन टाटांनीही पैसे गुंतवले. चौथी जात परीक्षणांची आणि पाचवी प्रवासाची. कुपनवाल्याला लिहावे लागत नाही, तुलनावाल्याचे काम यंत्र करते. अस्सलपणाचा प्रश्न खरा येतो तो शेवटच्या दोघांत, कारण तिथे वाचक लेखकाच्या शब्दावर पैसे टाकतो.

अमेरिकेत २०११ साली सुरू झालेल्या ‘वायरकटर’ या परीक्षणांच्या संकेतस्थळाने हा शब्द पाळून दाखवला. वस्तू हातात घ्यायची, आठवडेच्या आठवडे वापरायची आणि शेवटी एकच नाव सांगायचे, ही त्यांची रीत. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे तीन कोटी डॉलरना विकत घेतले. उलट्या टोकाला कंपनीच्या जाहिरातीतलीच वाक्ये फिरवून लिहिणाऱ्यांचा कारखाना होता. त्याच्यावर गुगलचा पहिला मोठा घाव फेब्रुवारी २०११ च्या ‘पांडा’ बदलाने बसला. एप्रिल २०२१ पासून वस्तू न वापरता केलेल्या परीक्षणांना मागे ढकलणे सुरू झाले आणि मार्च २०२४ मध्ये यंत्राकडून घाऊक पाने पाडून घेणाऱ्यांवर बडगा आला. मधल्या काळात विकणाऱ्यांनीही हात आखडला. ॲमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत फर्निचर आणि घरसामानावरचे कमिशन आठ टक्क्यांवरून थेट तीनवर आणले. दुसऱ्याच्या दुकानावर संसार उभा केला की असे होणारच.

मराठीचे काय? २०२० च्या ऑक्टोबरात मनसेने ॲमेझॉन-फ्लिपकार्टच्या ॲपमध्ये मराठी हवी म्हणून धडक दिली. फ्लिपकार्टवर २०२१ च्या जूनमध्ये आणि ॲमेझॉनवर त्याच वर्षी सप्टेंबरात मराठी आली. दुकानाच्या पाट्या मराठी झाल्या, पण दुकानाकडे नेणारी पाने बहुतेक इंग्रजी-हिंदीतच राहिली आणि मराठीत आली तीही भाषांतरित वासाची.

आता ताडोबावरची अशी कुठलीही चार पाने उघडावीत. ‘महाराष्ट्रातले सर्वात जुने राष्ट्रीय उद्यान’, मग तारू या देवाची कथा, मग वाघ-बिबट-अस्वल अशी यादी आणि खाली खोल्यांचे दुवे. वाक्यांचा क्रमसुद्धा हलत नाही. ‘गेटजवळ’ म्हणून रिसॉर्ट सुचवलेले असते, पण कुठल्या गेटजवळ, ते बऱ्याचदा लिहिलेले नसते. ताडोबाचे आरक्षण गेटनिहाय होते. नागपूरहून मोटारीने येणाऱ्याला चिमूरकडचे कोलारा सोयीचे, चंद्रपूरला रेल्वेने उतरणाऱ्याला मोहर्ली. आरक्षण मोहर्लीचे आणि खोली कोलाऱ्याची असा घोळ झाला, तर ऐन पहाटे अख्ख्या जंगलाला बाहेरून वळसा घालावा लागतो. गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते, तेव्हा आगरझरी, देवाडा, जुनोना अशा बफरच्या गेटांवर भिस्त ठेवावी लागते. गाभ्याला मंगळवारी सुट्टी असते. गाभा क्षेत्रात मोबाईल नेऊ देत नाहीत, तरी याद्यांमध्ये ‘सफारीसाठी उत्तम कॅमेऱ्याचे फोन’ सुखाने नांदतात. लिहिणारा कधी मोहर्लीला उतरलाच नसेल, तर त्याला हे कळणार कसे? मोहर्लीतल्या कुठल्याही जिप्सीचालकाला हे सगळे तोंडपाठ असते. त्याच्याकडे संकेतस्थळ नसते, ज्याच्याकडे संकेतस्थळ असते त्याच्याकडे हे ज्ञान नसते आणि कमिशन दुसऱ्यालाच मिळते.

कमिशनचा आणखी एक, कडू अध्याय चंद्रपुरातच घडला. सफारीच्या ऑनलाइन आरक्षणाचे काम ताडोबाच्या प्रतिष्ठानने कमिशनवर एका खासगी एजन्सीला दिले होते. पर्यटकांकडून गोळा झालेल्या रकमेतले १२ कोटी रुपयांहून अधिक भरलेच नाहीत, या आरोपावरून ऑगस्ट २०२३ मध्ये एजन्सीच्या चालकांवर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. आरक्षण काही काळ थांबले, पर्यटक आणि रिसॉर्टवाले दोघेही ताटकळले आणि मग वनविभागाच्या पत्त्यावरचे ‘मायताडोबा’ हे सरकारी पोर्टल पुढे आले. नावात ताडोबा, सफारी, ऑनलाइन हे शब्द हवे तसे गुंफलेली खासगी संकेतस्थळे त्यानंतरही आहेतच. त्यातली काही सरळ ट्रॅव्हल एजंटांची आहेत, आपले सेवाशुल्क लावून ती काम करतात. पण आपण सरकारी नाही हे ठळक अक्षरांत सांगायला त्यांतल्या अनेकांची जीभ रेटत नाही.

वैनगंगा ओलांडली की चित्र पालटते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत अहेरी तालुक्यातले कमलापूर आहे, राज्याचा हत्ती कॅम्प तिथे आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी मार्कंड्याची मंदिरे आहेत. सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म सापडले आहेत. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात आणि पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की तालुक्याचा संपर्क तुटतो. यातल्या एकाही जागी मोठ्या साखळीचे हॉटेल नाही. म्हणजे खोलीचा दुवा नाही आणि पान लिहून पोट भरणाऱ्याला लिहिण्याचे कारणही उरत नाही. रेंज, रस्ते, नक्षलवाद या अडचणी होत्या, काही अजून आहेत, हे मान्य. तरी इंटरनेटवर या दोन जिल्ह्यांचा नकाशा वनवैभवाने कमी आणि कमिशनने जास्त रंगवला, असेच म्हणावे लागते.

मधल्या माणसाला कसे हटवायचे, याचा धडाही खरे तर गडचिरोलीनेच दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ग्रामसभा स्वतः निविदा काढून बांबू विकू लागली. पुढे कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपत्त्यातही तीच वाट धरली. माल कुणाचा आणि माहिती कुणाची, हे एकदा स्पष्ट झाले की मधल्याला आपल्या टक्केवारीचा हिशेब द्यावा लागतो.

कायदाही आता तो हिशेब मागतो. जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरांसाठीची नियमावली २०२१ मध्ये आली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने शिफारशीमागचा पैसा, भेट किंवा कमिशन वाचकाला दिसेल अशा जागी जाहीर करण्याची सूचना केली. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तरी ‘या पानावरील काही दुवे कमिशनचे आहेत’ हे वाक्य अजून पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांतच सापडते.

या भागातल्या कुणा तरुणाला अशा संकेतस्थळाचा नाद असेल, तर दुर्बिणींच्या अकराव्या यादीत त्याने हात घालू नये. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे आहेत, गावोगावची मंडळे तिथे येऊन प्रयोग ठरवतात आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत शंकरपट-मंडईच्या निमित्ताने रात्र-रात्र नाटके चालतात. कुठल्या गावी कोणते नाटक, कुठल्या तारखेला, तिकीट किती, मुक्कामाला कुणाचे घर मिळेल, पहाटे परतीची बस आहे का, हे नागपूर-पुण्याच्या रसिकाला नीट सांगणारे पान मराठीत हवे आहे. दिवाळीच्या आधी वडशाच्या कार्यालयांतून एक फेरी मारली तर त्याची निम्मी सामग्री गोळा होईल. कमिशनचे काय, ते घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांशी नंतर बोलता येईल. मात्र ठरले की ते पानाच्या अगदी वर लिहावे.