मुक्या जिवाची सोबत

घरात कुत्रे पाळावे का, असा विषय निघाला की आम्ही आधी जागा आणि खर्च मोजतो. दहा बाय बाराच्या खोलीत माणसांनाच जागा पुरत नाही, तिथे जनावर कुठे ठेवायचे? शंका खरी आहे. पण मुले नोकरीसाठी शहरात गेली आणि मागे आजी किंवा आजोबा एकटेच उरले, अशी घरेही आता आपल्या वस्तीत दिसतात. एकटेपणाने प्रकृती ढासळते. म्हणून आरोग्याच्या बाजूनेही या सोबतीचा विचार करू.

अमेरिकेत एरिका फ्रीडमन व सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, तर प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११. अभ्यास लहान होता, त्यामुळे प्राण्यामुळेच जीव वाचला असे म्हणता येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१३ साली सांगितले की, पाळीव प्राण्यामुळे, विशेषतः कुत्र्यामुळे, हृदयविकाराचा धोका कमी होत असावा. पण केवळ तेवढ्यासाठी प्राणी आणू नये.

फायद्याची कारणे साधी आहेत. कुत्रे पाळले की रोजचे चालणे चुकत नाही. चालण्याने रक्तदाब आणि साखर ताब्यात राहायला मदत होते. बाहेर पडले की चार माणसे भेटतात, बोलणे होते. त्याला वेळेवर खायला घालायचे म्हणून आपणही वेळेवर उठतो, जेवतो. त्याला कुरवाळताना मनावरचा ताण हलका होतो.

मात्र काळजी हवीच. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी, पुढे पशुवैद्यक सांगतील तशी. कुत्रे किंवा मांजर चावले, ओरबाडले, तर ते घरचे असले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. तिथे लस मोफत मिळते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही. घरात कुणाला दमा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि आजी-आजोबांसाठी प्राणी आणायचा, तर त्यांना आधी विचारा. त्याची लस, औषधपाणी, आजारपण कोण पाहणार, हेही मुलांनी ठरवावे. प्राणी आणून दिला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मात्र समजू नये. आठवड्याचा फोन आणि सणावारी घरी येणे चालूच ठेवावे.