लोकराज्याची घडण (लेखांक अकरावा) : परराष्ट्राला दिलेला शब्द

मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते म्हणजे नेमके काय, याची चर्चा आपण मागील दोन लेखांकांत केली. परंतु ती सारी घरातली चर्चा होती. लोकशाही राष्ट्रालाही शेजार असतो, त्या शेजाऱ्यांशी सरहद्दीचे, नद्यांच्या पाण्याचे, व्यापाराचे आणि जकातीचे तह करावे लागतात. आणि तहनाम्यावर सही करणारा मंत्री जो शब्द देतो तो त्याच्या पक्षापुरता नसून, त्याला मत न देणाऱ्यांना आणि अद्याप जन्मास न आलेल्यांनाही बांधून टाकणारा असतो. असा शब्द देण्याचा अखत्यार त्याला कोठून मिळतो आणि तो पाळण्याचे दायित्व अखेर कोणावर येते, हा आजचा विषय आहे.

आपल्या संविधानाने या प्रश्नाचे उत्तर काहीसे हात राखून दिले आहे. अनुच्छेद 51 मध्ये आंतरराष्ट्रीय शांतता, राष्ट्राराष्ट्रांतील न्याय्य व सन्मानपूर्वक संबंध, तहांतील बंधनांविषयी आदर आणि लवादाने तंटे मिटविण्यास उत्तेजन ही ध्येये नोंदविलेली आहेत. परंतु तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. तह करणे आणि ते अमलात आणणे हा विषय संघसूचीत चौदाव्या क्रमांकावर आहे, म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. आणि ज्या विषयावर संसद कायदा करू शकते तेथवर केंद्र सरकारची कार्यकारी सत्ता पोचते, असे अनुच्छेद 73 सांगतो. तह कसे करावेत याचा कायदाच संसदेने केलेला नसल्यामुळे व्यवहारात मंत्रिमंडळ तह करून मोकळे होते. अमेरिकेत सिनेटच्या उपस्थित सभासदांपैकी दोनतृतीयांशांनी मान्यता दिल्याखेरीज तह पक्का होत नाही, आणि त्यामुळेच स्वतः अध्यक्ष विल्सन यांनी घडविण्यास हातभार लावलेला व्हर्सायचा तह त्यांच्याच सिनेटने फेटाळला. आपल्याकडे मात्र या बाबतीत इंग्लंडच्या राजाच्या जुन्या विशेषाधिकाराची छाया अधिक पडली आहे. उलट, तह झाल्यावर तो अमलात आणण्यासाठी राज्यांच्या विषयांतसुद्धा कायदा करण्याची मुभा अनुच्छेद 253 ने संसदेला दिली आहे.

या व्यवस्थेची कसोटी लागली ती जलपाइगुडी जिल्ह्यातल्या बेरुबारी नावाच्या एका लहानशा भूभागावरून. 1947 साली रॅडक्लिफ यांनी बंगालची वाटणी करताना सीमारेषेचे वर्णन ठाण्यांच्या नावांनी केले, त्यात बोदा या ठाण्याचा उल्लेख राहून गेला, आणि निवाड्यासोबतच्या नकाशावरील रेघही वर्णनाशी तंतोतंत जुळेना. बेरुबारी भारताच्याच अमलाखाली होते. पण 1952 मध्ये पाकिस्तानने त्यावर हक्क सांगितला. 1958 च्या सप्टेंबरात पंडित नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी असा करार केला की बेरुबारीचे दोन भाग करून एक पाकिस्तानला द्यावा, आणि त्याबरोबरच परस्परांच्या मुलखात अडकून पडलेल्या कूचबिहारच्या छिटमहालांचीही अदलाबदल करावी. शेजाऱ्याशी तंटा मिटविण्याची नेहरूंची इच्छा प्रामाणिक होती, याविषयी मला शंका नाही. परंतु ज्यांची जमीन जाणार होती त्यांना कोणी विचारले नव्हते. पश्चिम बंगालच्या विधिमंडळाने विरोध नोंदविला, तेव्हा राष्ट्रपतींनी अनुच्छेद 143 अन्वये सर्वोच्च न्यायालयाचा अभिप्राय मागविला.

सरकारची कैफियत अशी होती की येथे प्रदेश देण्याचा प्रश्नच नाही, केवळ संदिग्ध सीमा निश्चित केली आहे, आणि ते काम कार्यकारी सत्तेच्या कक्षेत येते. 14 मार्च 1960 रोजी न्यायालयाने जो अभिप्राय दिला, तो न्यायासनाच्या वतीने लिहिला होता महाराष्ट्राचे न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. सार्वभौम राष्ट्राला प्रदेश देण्याचा अधिकार असतोच, हे त्यांनी मान्य केले. परंतु हा करार म्हणजे सीमेचा उलगडा नसून भारताचा प्रदेश परक्याला देणे आहे, आणि अनुच्छेद 3 खालील साधा कायदा त्याला पुरणार नाही, संविधानाची दुरुस्तीच करावी लागेल, असे त्यांनी स्पष्ट केले. एकत्र कुटुंबाचा कर्ता वर्षाचे पीक आपल्या अखत्यारीत विकतो, पण वडिलार्जित जमिनीचे खरेदीखत व्हायचे तर भाऊबंदांच्या सह्या लागतात, हे आपल्या गावांतून कोणालाही ठाऊक आहे. 1960 च्या डिसेंबरात नववी घटनादुरुस्ती झाली, तरी खटल्यांत आणि मोजणीत दशक लोटले, आणि 1971 मध्ये तर ज्या पूर्व पाकिस्तानशी ही सीमा लागत होती तोच उरला नाही, त्याच्या जागी बांगलादेश आला.

येथवरच्या विलंबाला मी दोष देणार नाही. नागरिकांच्या डोक्यावरचे राष्ट्र बदलायचे असेल तर त्याआधी त्या राष्ट्राच्या प्रतिनिधींची संमती मिळवावीच लागते. पुढचा इतिहास मात्र असा निर्दोष नाही. 16 मे 1974 रोजी इंदिरा गांधी आणि बांगलादेशाचे शेख मुजीबुर रहमान यांनी नवा करार केला. त्यात दक्षिण बेरुबारीचा वादग्रस्त भाग भारताकडे राहिला, आणि त्याच्या बदल्यात दहग्राम व अंगरपोता हे छिटमहाल बांगलादेशाकडे राहून तेथे जाण्यासाठी तीन बिघा हा पट्टा भाडेपट्ट्याने देण्याचे ठरले. बांगलादेशाने त्याच वर्षी आपले संविधान दुरुस्त करून कराराला मान्यता दिली. भारताला त्यासाठी 2015 साल उजाडावे लागले.

मधल्या 41 वर्षांत छिटमहालांतील माणसे कशी जगली? मोगलांच्या आणि कूचबिहारच्या राजांच्या जुन्या तहांतून उरलेले हे जमिनीचे तुकडे. दहाला खागराबाडी नावाचा एक भारतीय तुकडा तर बांगलादेशी तुकड्याच्या आत, तो तुकडा भारतीय तुकड्याच्या आत, आणि तोही बांगलादेशाच्या आत, असा होता. (राजांनी बुद्धिबळात गावे पणाला लावली ही दंतकथा मनोरंजक आहे, विश्वसनीय नव्हे.) नकाशावर नागरिकत्व होते, परंतु मतदान नाही, दवाखाना नाही, पोलीस नाही, स्वतःच्या देशाच्या कचेरीत जायचे तरी परक्या देशाची हद्द ओलांडावी लागे, आणि मुलाला शाळेत घालायचे तर बापाचे नाव दुसऱ्याचे लावावे लागे. ज्यांना मत नव्हते त्यांच्यासाठी घाई करण्यात कोणाही पुढाऱ्याचा लाभ नव्हता, आणि विलंबाचे खरे कारण मला संविधानापेक्षा येथेच दिसते. जमीन जाते या आरोळीला जागोजाग मतदार मिळत. 2013 च्या डिसेंबरात मनमोहनसिंग सरकारने राज्यसभेत मांडलेले विधेयकही त्यामुळे अडकले. अखेर 2015 च्या मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी शंभरावी घटनादुरुस्ती एकमताने संमत केली, आणि 31 जुलैच्या मध्यरात्री 111 भारतीय छिटमहाल, म्हणजे 17,160 एकर, बांगलादेशाकडे आणि 51 बांगलादेशी छिटमहाल, म्हणजे 7,110 एकर, भारताकडे आले. कागदावर दहा हजार एकरांचा तोटा दिसतो; पण जेथे आपला तलाठी वा शिपाई कधी पोचलाच नाही, तो मुलूख गमावला असे म्हणण्यात अर्थ नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रदेश देण्याच्या तहाला संसदेची संमती लागते, हे बेरुबारीने ठरविले. इतर तहांचे काय? 1994 मध्ये मर्राकेश येथे जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर भारताने सही केली, आणि शेतीपासून औषधांच्या एकस्वापर्यंत त्याचे परिणाम खेडोपाडी पोचले. पण सहीपूर्वी त्यास संसदेची मान्यता घेणे बंधनकारक नव्हते, आणि आजही तसे बंधन नाही. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील संविधान-समीक्षा आयोगाने 2002 मध्ये तहांसंबंधी संसदेने कायदा करावा अशी शिफारस केली, ती दप्तरात पडून आहे. गुप्ततेशिवाय वाटाघाटी होत नाहीत, हा सरकारी युक्तिवाद वाटाघाटींपुरता खरा आहे. सही पक्की करण्यापूर्वी मसुदा सभागृहापुढे ठेवण्याला तो लागू पडत नाही. चौदाव्या क्रमांकाचा अधिकार संसदेने आता वापरावा. ज्या तहाला आधी संमती मिळालेली असते, त्याच्या पालनासाठी शेजाऱ्याला 41 वर्षे थांबवून ठेवणे पुढे कोणत्याही सरकारला सोपे जाणार नाही.

पुढील लेखांकात नद्यांच्या पाण्याचे तह आणि त्यांत घटक राज्यांचे स्थान यांचा विचार करू.