तोंड न उघडतां दांतांचें चित्र

गेल्या पावसाळ्यांत वांद्र्याच्या माझ्या दवाखान्यांत एक गृहस्थ आले. खालची डावी अक्कलदाढ ठणकत होती. रात्र रात्र झोंप नव्हती. मीं त्यांस तोंड उघडावयास सांगितलें, तों एक बोट जेमतेम आंत जाईल एवढीच फट झाली. निरोगी मनुष्याच्या दोन दंतपंक्तींमध्यें त्याचीं स्वतःचीं तीन बोटें उभीं राहतात. हे गृहस्थ दारूला शिवत नव्हते, विडी ओढीत नव्हते. मात्र जेवणानंतर सुपारीचें खांड, पुढें पुढें पुडींतील सुगंधी सुपारी, असा वीस वर्षांचा परिपाठ होता, आणि त्याला व्यसन म्हणतात हें त्यांच्या घरीं कोणाच्या ध्यानींमनींही नव्हतें. गालांचें आंतील अस्तर पांढुरकें व ताठ होऊन तोंड आवळत जाणारा हा विकार. मुंबईचे डॉ. जोशी यांनीं १९५३ च्या सुमारास त्याचें वर्णन केलें. तो पुढें कर्करोगाचें रूप घेऊं शकतो, म्हणून अशा रोग्याची चौकशी एका दाढेपुरती ठेवून भागत नाहीं.

परंतु दाढ तरी पाहावयाची कशी? आमची नेहमींची रीत अशी, कीं पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी फिल्म दांताच्या पाठीशीं, जिभेच्या बाजूस धरावयाची आणि गालाबाहेरून क्ष-किरण सोडावयाचे. कल्पना जुनीच आहे. राँटगेननें १८९५ च्या नोव्हेंबरांत हे किरण शोधिले आणि पुढच्याच जानेवारींत ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ऑटो वाल्कहोफ यानें स्वतःच्या दाढांचें चित्र घेतलें. त्यासाठीं तो पंचवीस मिनिटें निश्चल पडून राहिला होता! आज तें काम सेकंदाच्या अंशांत होतें. पण ज्याचें तोंडच उघडत नाहीं, ज्याला टाळूस कांहीं लागतांच ओकारी येते, ज्याचा जबडा मोडला आहे, त्यास हा अंशही दुर्लभ. अशांसाठीं फिल्म तोंडाबाहेर ठेवावी लागते.

बाहेरून चित्र घेण्यांत अडचण एकच, पण मोठी. जबडा घोड्याच्या नालासारखा वांकलेला. एका बाजूनें किरण सोडले तर उजव्या दाढांची सावली डाव्यांवर पडते. जुन्या वैद्यांनीं यावर साधी तोड काढली. फिल्म दुखऱ्या गालाशीं लावावयाची, मान कलती करावयाची आणि किरण समोरच्या जबड्याच्या कडेखालून तिरपे वर सोडावयाचे, म्हणजे नको असलेली बाजू वाटेंतून दूर होते. २००३ सालीं न्यूमन व फ्रीडमन या दोघांनीं हीच युक्ति नव्या साधनांनिशीं पुन्हां मांडली; मुळांच्या उपचारांत एकदोन दांतांपुरतें चित्र तींतून मिळतें. ओकारी येणाऱ्यांस ती सोयीची, परंतु वरच्या दाढांसाठीं तोंड बरेंच उघडावें लागत असल्यानें आमच्या या गृहस्थांस ती सर्वस्वीं उपयोगी नव्हती.

त्यांच्यासाठीं योग्य तें यंत्र दुसरें. फिनलंडांतील पाटेरो यानें १९४९ च्या सुमारास या मार्गानें यश मिळविलें आणि १९६१ पासून हीं यंत्रें बाजारांत आलीं. यांत मनुष्य स्थिर उभा राहतो. किरणांची नळी डोक्यामागून व फिल्म तोंडापुढून, अशीं दोन्ही एकदम फिरतात. माहीमहून वांद्र्याकडे येतांना लोकलच्या खिडकींतून खाडींतील एखाद्या मचव्यावर दृष्टि खिळवून मान वळवीत राहा. मचवा स्पष्ट दिसतो. जवळचे खांब आणि पलीकडच्या इमारती मात्र पुसट होऊन पळतात. या यंत्राची गति अशीच बेतलेली असते, कीं दंतपंक्तीच्या कमानीवर तेवढी दृष्टि खिळावी आणि पाठीचा कणा, समोरचा जबडा वगैरे पुसट व्हावें. बारा ते अठरा सेकंदांत या कानापासून त्या कानापर्यंत सारे दांत एका पट्टींत उतरतात. पुढच्या दांतांत एक बारीक दांडी धरावयाची असते. तीही आंत जात नसेल तर हनुवटी टेकून काम भागतें.

यावरून कोणीं असें समजूं नये, कीं आतां लहान फिल्मची गरज सरली. या मोठ्या चित्रांत बारकावा कमी असतो, आकार थोडा वाढून येतो, आणि दोन दांतांच्या फटींतील नुकती लागलेली कीड पुष्कळदां दिसतच नाहीं. ‘सगळे दांत दिसले, म्हणजे सगळा रोग दिसला’ ही समजूत मला तरी धोक्याची वाटते.

किरणांच्या भयाविषयीं नेहमीं विचारतात. अशा एका चित्रांतून मिळणारी मात्रा साधारणतः पंधरा ते पंचवीस मायक्रोसीव्हर्ट. जगांतील सरासरी मनुष्यास माती, आकाश व अन्न यांतून वर्षाकांठीं सुमारें २,४०० मिळतात. म्हणजे हिशेब कांहीं दिवसांचाच. तरी उगीच चित्र काढवूं नये. गर्भवती स्त्रीनें तसें आधीं सांगावें. दवाखान्यांतील या यंत्रांस अणुशक्तिनगर येथील अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ती आहे का, हें विचारण्यांत कांहीं गैर नाहीं.

आमच्या गृहस्थांची अक्कलदाढ चित्रांत आडवी दिसली. मुळांचीं टोकें खालच्या ओठास संवेदना देणाऱ्या नसेच्या नळीवर आलेलीं. मुळें नसेच्या अलीकडे कीं पलीकडे, हें सपाट चित्र सांगूं शकत नाहीं. म्हणून शंकूसारखी किरणशलाका डोक्याभोवतीं फिरवून घेतलेलें त्रिमितीचें चित्रही काढावें लागलें. त्याची मात्रा अधिक असते, म्हणून तें सर्वांचें काढीत नाहींत. गालाच्या अस्तराचा तुकडा तपासणीस पाठविला; त्यांत कर्करोग निघाला नाहीं. दाढ बधिर करून, महत्प्रयासानें, काढली. सुपारी सुटली आहे. तोंड मात्र अजून दीड बोटच उघडतें, आणि व्यायाम चालू आहे.

आपणांवर कधीं या यंत्रापुढें उभें राहण्याची पाळी आली तर कानांतील कुड्या, नाकांतील चमकी व काढतां येणारी कवळी आधीं काढून ठेवा. डाव्या कुडीची भुतासारखी पुसट छाया चित्रांत उजवीकडे, जरा वर उमटते, आणि नवख्याला ती हाडांतील रोगासारखी भासते. शिवाय यंत्र फिरेपर्यंत जीभ टाळूस घट्ट चिकटवून ठेवा. ती सुटली तर मध्यें हवेचा काळा पट्टा येऊन वरच्या दांतांचीं मुळें त्यांत बुडतात आणि सारें चित्र पुन्हां घ्यावें लागतें.