साठ मिनिटं आणि एक सावली

आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये रात्री अडीच वाजता कुणी किंचाळलं तर तीनच कारणं असू शकतात : पाल, रिझल्ट, नाहीतर गेलेलं वाय-फाय परत आलं. गेल्या पीएलमध्ये मी किंचाळले तेव्हा शेजारच्या दोन रूममधल्या मुली धावत आल्या. एकीच्या हातात झाडू होता. मी म्हटलं, "अगं, प्रिन्स संपवला!" त्यावर झाडूवालीने जे उत्तर दिलं ते संपादक छापणार नाहीत. पण जाताना ती एक प्रश्न विचारून गेली, "गेम संपला म्हणून एवढं काय गं?" हा लेख तिच्यासाठी. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.)

तर प्रिन्स म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. नंतर आलेले थ्रीडीवाले नाहीत, मूळचा, १९८९ चा. आपल्यापैकी कित्येकांच्या आईवडिलांनी, काकामामांनी तो डॉसवर खेळलेला असेल. नव्वदच्या दशकात ज्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पीसी होता, तिथे मास्तर बाहेर गेले की मॉनिटरवर पांढऱ्या कपड्यातला एक माणूस धावायला लागायचा, असं मामा सांगतो. माझा मामा मिरजेला अशाच एका क्लासला जायचा. तो काय शिकला कोण जाणे, पण प्रिन्स बाराव्या लेव्हलपर्यंत शिकला. तिथे अडकला, तो अडकलाच.

गोष्ट अगदी साधी आहे. वजीर जाफर राजकन्येला म्हणतो, माझ्याशी लग्न कर नाहीतर मर. विचार करायला एक तास. आपण तळघरात, हातात तलवारसुद्धा नाही, ती आधी शोधायची. आणि हा एक तास म्हणजे खरोखरचा एक तास! भिंतीवरच्या घड्याळातली साठ मिनिटं. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून, पण घड्याळ मागे येत नाही. जीव कितीही वेळा मिळतो, वेळ एकदाच. एक मजला पडलात तर काही होत नाही, दोन मजले पडलात तर एक लाल त्रिकोण जातो, तीन मजले पडलात तर संपलं. जमिनीतून सुळे येतात, दारात कात्र्या असतात, आणि हा प्रिन्स पळताना एकदम थांबत नाही, खऱ्या माणसासारखा दोन पावलं घसरतो. नव्या माणसाचे पहिले पन्नास मृत्यू या घसरण्यामुळेच होतात.

तो खऱ्या माणसासारखा घसरतो कारण तो खरा माणूसच आहे. जॉर्डन मेकनर नावाच्या मुलाने हा गेम जवळजवळ एकट्याने लिहिला. आधीचा त्याचा गेम 'कराटेका' १९८४ मध्ये आला तेव्हा तो येल विद्यापीठात शिकत होता, म्हणजे साधारण आपल्याच वयाचा (आपण त्या वयात जर्नल उतरवतो. असो). प्रिन्ससाठी त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उडी मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओ काढला. मग टीव्हीच्या पडद्यावरून एकेका फ्रेमचे फोटो काढले, ते धुऊन आणले, हाताने रंगवून आकृती सुटी केली आणि कॉम्प्युटरमध्ये घातली. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. तलवारबाजी त्याने १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातल्या एका झुंजीवरून घेतली. संगीत वडिलांचं. एकूण घरगुती कारखानाच म्हणायचा!

आता आमच्या कॉम्प आणि ईअँडटीसीच्या लोकांनी जरा कान द्या. हे सगळं ॲपल टू या मशीनवर चाललेलं होतं. प्रोसेसर सुमारे एक मेगाहर्ट्झचा, मेमरी किलोबाइटमध्ये मोजायची. डेव्हिडच्या पळण्या-उडण्याने ती इतकी भरली की शत्रूंची चित्रं ठेवायला जागा उरली नाही. मेकनरची मैत्रीण आणि सहकारी टॉमी पिअर्स मात्र मागेच लागली होती की मारामारीशिवाय गेम कंटाळवाणा होतोय. मग यातून जो मार्ग निघाला तो मला या सगळ्या गेममधला सर्वात भारी भाग वाटतो. प्रिन्सचंच चित्र घ्यायचं, एक बिट बाजूला सरकवायचं आणि मूळ चित्राशी एक्सॉर करायचं. दोन्हीकडे सारखं आहे ते पुसलं जातं, फक्त कडा उरतात. एक चकाकणारी, भुतासारखी आकृती तयार! नवीन चित्राला मेमरी शून्य. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या युनिटमध्ये आपण ज्या गेटचं ट्रुथ टेबल पाठ करून विसरून जातो, त्या गेटमधून हा सावलीमाणूस जन्माला आला. नंतर कोडमध्ये काटकसर करून जागा काढली आणि साधे पहारेकरीही आले, पण खरा शत्रू सावलीच राहिला.

चौथ्या लेव्हलला दरवाज्याच्या वाटेत एक आरसा येतो. त्याच्यातून पळत उडी मारावी लागते, दुसरा रस्ताच नाही. आपण इकडे, आणि आरशातून दुसऱ्या बाजूला सावली निघून जाते. आपल्या अंगात एकच लाल त्रिकोण उरतो. पाचव्या लेव्हलला आपण ज्या औषधाच्या बाटलीकडे जीव टाकून पळतो, ती आपल्या डोळ्यादेखत सावली पिऊन टाकते. सहाव्याला ती नेमक्या फरशीवर पाय देऊन दार बंद करते आणि आपण खाली पडतो. एवढा राग मला आजवर फक्त एका एक्स्टर्नलचा आला आहे.

आणि बाराव्या लेव्हलला, मनोऱ्याच्या वर, ती तलवार घेऊन समोर उभी राहते. इथेच मामा अडकला होता.

आता कबुलीजबाब. मी सातवीत असताना मामाने त्याच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स टाकून मला हा गेम दाखवला. डॉसबॉक्स म्हणजे नव्या मशीनला "तू जुनं मशीन आहेस" असं पटवून देणारं सॉफ्टवेअर. मामा म्हणाला, "बघ, तुला जमतंय का. माझ्याच्याने नाही झालं." मे महिन्याची सुट्टी. तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा तलवारीने मरत नाही, त्याला खड्ड्यात ढकलावं लागतं, एवढंच शोधायला मला चार दिवस लागले. सातव्या लेव्हलला धीर सुटला. मग मी नेटवर शोधलं. गेम सुरू करताना नावापुढे 'मेगाहिट' असं टाइप केलं की चीट चालू होतात : एका बटणाने समोरचा पहारेकरी मरतो, एका बटणाने पुढची लेव्हल येते. पंधरा मिनिटांत मी राजकन्येपाशी पोचले. त्यातली दहा मिनिटं मामा आंघोळीला गेला होता.

तो बाहेर आला तेव्हा पडद्यावर शेवट चालू होता. मामाला काय आनंद झाला! त्याने आजीला हाक मारली, मामीला बोलावलं, फोनवरून आईला सांगितलं. मग मला विचारलं, "सावलीचं काय केलंस गं?" मी म्हटलं, "मारलं तिला." मामा माझ्याकडे क्षणभर बघत राहिला, मग "शाबास" म्हणाला आणि मला आइस्क्रीम खायला घेऊन गेला. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

चीट वापरण्यात पाप आहे असं मी म्हणत नाही. 'काँट्रा'मधला तीस जीव देणारा प्रसिद्ध कोड आठवतो? वर वर, खाली खाली वाला? तो मुळात 'ग्रेडियस' या गेमच्या १९८६ च्या आवृत्तीसाठी काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरने लिहिला होता, कारण टेस्टिंग करताना त्याला स्वतःलाच तो गेम संपवता येईना! प्रश्न चीटचा नाही. मला त्या दिवशी आइस्क्रीम गोड लागलं नाही, एवढंच.

येस्पर युल नावाचे एक गेम-अभ्यासक आहेत. त्यांच्या २०१३ च्या पुस्तकात हेच कोडं मांडलंय : माणसाला हरणं आवडत नाही, मग तो मुद्दाम हरवणाऱ्या खेळाकडे का जातो? निकोल लझारो यांनी २००४ मध्ये लोक गेम का खेळतात याचा अभ्यास केला आणि त्या जिंकण्याच्या क्षणासाठी 'फिएरो' हा इटालियन शब्द वापरला. हात आपोआप वर जातात, तोंडातून ओरड निघते, ते. (झाडूवाली, वाचते आहेस ना?) आणि तो सोप्या खेळात येत नाही. आधी चिडचिड, मग आणखी चिडचिड, अगदी बंद करून टाकायची वेळ, आणि मग सुटलं की फिएरो. आमच्या मजल्यावर २०११ च्या 'डार्क सोल्स'ची एक भक्त आहे. तिचंही म्हणणं हेच, फक्त ती त्यात भिंतीवर उशा फेकण्याचा उल्लेख करते. सगळेच कठीण गेम या कामाचे नसतात हेही खरं. कॅपकॉमचा १९८५ चा 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' एकदा संपवला की सांगतो, हे सगळं खोटं होतं, आता पुन्हा पहिल्यापासून या. त्या काळी आर्केडमध्ये नाणी टाकून खेळायचे, लवकर मरणारं गिऱ्हाईक धंद्याला चांगलं. ती कठीण नव्हे, ती वसुली. प्रिन्समध्ये मेलात तर चूक आपली असते आणि ती आपल्याला दिसते.

गेल्या पीएलमध्ये एम-थ्रीचा अभ्यास करायचा होता म्हणून साहजिकच मी प्रिन्स काढला. या वेळी ठरवलं : मेगाहिट नाही, नेटवर शोधायचं नाही, व्हिडिओ बघायचे नाहीत.

तिसऱ्या लेव्हलपासून गेम सेव्ह करता येतो, पण सेव्हमध्ये उरलेली मिनिटंही जातात. हे फार हुशार आहे. मी पहिल्या फेरीत बाराव्याला पोचले तेव्हा तीन मिनिटं उरली होती आणि मनोरा चढायलाच तेवढी जातात. म्हणजे बारावी लेव्हल जिंकायची तर सातवी पुन्हा खेळून दोन मिनिटं वाचवायची, मग नववीत एक, असं मागे मागे जात बजेट बसवायचं. मी वहीच्या मागच्या पानावर तक्ता केला. कुठल्या लेव्हलला किती वेळ, कुठला पहारेकरी टाळता येतो, कुठली बाटली सोडून द्यायची. रूममेटला वाटलं मी इंटिग्रेशन करतेय. तीन आठवड्यांनी मी अकरा मिनिटं हातात ठेवून मनोऱ्याखाली उभी होते. जी उडी सातवीतल्या मला अशक्य वाटायची ती आता बोटं आपली आपण मारत होती. त्यांना कधी कळलं ते मला कळलं नाही.

वर सावली. मी तलवार काढली, तिने काढली. मी वार केला, तिचा त्रिकोण गेला, आणि माझाही गेला. पुन्हा वार, पुन्हा दोघींचा एकेक. (सावलीला मी 'ती' म्हणते. माझी सावली आहे.) तिला मारलं की आपण मरतो. पाच-सहा वेळा मेले. आणि कितव्या तरी वेळी मरून पडल्यावर माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, गेमची नाही, मामाची. मामा इथेच तर वर्षानुवर्षं मरत होता! सावलीला मारता येत नाही, मारलं तर आपण उरत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा शंभर पटीने माहीत होतं. आणि मी त्याला सांगितलं होतं, "मारलं तिला." म्हणजे ते आइस्क्रीम त्याने सगळं कळून खाऊ घातलं होतं.

त्या रात्री मी लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या रात्री उत्तर कसं सापडलं ते खरं सांगते : चुकून. मागे सरकायला गेले आणि बोट खालच्या बाणावर पडलं. प्रिन्सने तलवार म्यान केली. मी "मेले!" म्हणून डोळे मिटणार, तेवढ्यात पाहिलं तर सावलीनेही तलवार म्यान केलेली. दोघी नुसत्या उभ्या. मी एक पाऊल पुढे टाकलं, तीही आली. मग मी सरळ तिच्या अंगावर चालत गेले. प्रकाश चमकला आणि आम्ही एक झालो. जाफर त्यानंतर होता, तोही अवघड होता, पण त्याच्याबद्दल लिहायला मला विशेष काही नाही. तलवारीने मरतो. दोन वाजून तीस मिनिटांनी मी किंचाळले, झाडू आला, पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सकाळी मेसमधून मामाला फोन केला. काय सांगायचं हाच प्रश्न होता, कारण त्याच्या लेखी मी तो गेम आठ वर्षांपूर्वी संपवला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "मामा, सावलीला मारायचं नसतं. तलवार म्यान करायची असते."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली.

"काल केलंस?" तो म्हणाला.

"हो, रात्री. खरंच."

"आणि मग काय होतं?"

"मग आपण तिच्या अंगावर चालत जायचं, आणि पुढे जमीन नसते ना, तिथे..."

"ए, थांब थांब," मामा म्हणाला. "पुढचं सांगू नकोस. ते डॉसबॉक्स परत कसं टाकायचं ते सांग."