एका चादरीत तीन विषय

गेल्या वर्षी नातीने बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि ऐच्छिक विषयांची यादी माझ्यापुढे ठेवली. त्यात कायद्याची ओळख, डिजिटल चित्रकला आणि प्रोग्रॅमिंग असे विषय होते. चिरंजीव दुकानातून परतले होते. ते म्हणाले, "ज्यात गुण मिळतील तो घे. शेवटी धंदाच सांभाळायचा आहे." व्यापारी घरांत हे वाक्य नवे नाही, म्हणूनच त्याचा विचार व्हावा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता पदवीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाबरोबर अन्य विद्याशाखेतील काही विषय घ्यावेच लागतात. यालाच 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात. त्यांपैकी १० ते १२ या विषयांचे. तासिकेच्या एका श्रेयांकामागे साधारण १५ तासांचे अध्यापन असते. मिळवलेले श्रेयांक 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. आयुष्यभर खाती सांभाळलेल्या माझ्यासारख्याला ही कल्पना फार भावली.

पण या विषयांचा आपल्या धंद्याशी संबंध काय? उत्तर दुकानातल्या चादरीत आहे. सोलापुरी चादरीवरील नक्षी जॅकार्ड यंत्रणेवर विणली जाते. जोझेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच कारागिराने १८०४ च्या सुमारास ती सिद्ध केली. पुठ्ठ्याच्या पट्टीवर छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खालीच राहतो. 'आहे' किंवा 'नाही' अशा आज्ञांची ही माळ. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी हीच छिद्रपट्टी योजली होती. म्हणजे प्रोग्रॅमिंगचे बीज मागावरच आहे. पूर्वी आलेखकागदावर चौकोन भरून होणारी नक्षी आता संगणकावर रेखाटता येते. ती झाली डिजिटल कला. आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, तो १९९९ च्या कायद्यामुळे. त्या नावाखाली कोणी अन्यत्र विणलेला माल विकू लागला, तर दाद कोठे मागायची, हे कायदाच सांगतो.

कायद्याविषयी एक कबुली द्यावीशी वाटते. बँकेत असताना एका ओळखीच्या व्यापाऱ्याने नातलगाच्या कर्जाला जामीनकी दिली. सही कोठे करायची, ते मी बोटाने दाखविले. कागद वाचा, असे म्हणालो नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. कर्ज थकले, नोटीस याच गृहस्थांच्या घरी गेली. त्या घरात एक जरी मूल करार वाचायला शिकलेले असते तर! मी स्वतः एम.कॉम. झालेला, तरीही ते सांगायला मला सुचले नव्हते.

याच गावात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांच्या घरी सावकारी व कापसाचा व्यापार होता. ते रेल्वेच्या ठेकेदारीत गेले, १९१९ मध्ये जहाजवाहतुकीत आणि १९४० मध्ये विमानांच्या कारखान्यापर्यंत पोहोचले. घरचा धंदा त्यांना बेडी झाला नाही, पायरी झाला.

पालकांनी एवढेच करावे. महाविद्यालयाची यादी मुलांबरोबर बसून वाचावी. विषय कोण शिकविते, प्रात्यक्षिक आहे का, हे विचारावे. केवळ सोपा म्हणून विषय घेऊ देऊ नये. मुलींच्या बाबतीत तर मुळीच नाही.

नातीने पहिल्या सत्रासाठी कायदा निवडला. परवा तिने दुकानाचा भाडेकरार मागून घेतला, एका कलमाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि तो वडिलांपुढे ठेवला. चिरंजीवांनी चष्मा लावला, कलम दोनदा वाचले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी सहीच्या आधी दाखव."