रोपाच्या मुळावरचा सोबती : मायकोरायझा आणि बदलता पाऊस

जून-जुलैमध्ये वरकस आणि मुरमाड जमिनीवर साग, शिवण, खैर, अंजन यांची रोपे लावली जातात. पुढे ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ओढ दिली की बरीच रोपे माना टाकतात. शेजारच्या राईत मात्र पडलेल्या बियांपासून उगवलेली त्याच जातीची रोपे तग धरून असतात. सावली आणि पालापाचोळा ही त्याची कारणे आहेतच. पण एक कारण डोळ्यांना दिसत नाही, ते म्हणजे मुळांवर राहणारी मायकोरायझा बुरशी.

बुरशी म्हटले की आपल्याला मर आणि मूळकूज आठवते. ही बुरशी त्या जातकुळीतली नव्हे. १८८५ साली फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने तिला हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'बुरशी-मूळ' असा होतो. झाड पानांत तयार केलेली साखर बुरशीला देते आणि बुरशी जमिनीतील स्फुरद, जस्त व पाणी झाडाला पुरवते.

हिचे मुख्य प्रकार दोन. पहिला बाह्य मायकोरायझा. ही बुरशी साल, पाइन, ओक अशा झाडांच्या बारीक मुळ्यांवर मोज्यासारखे आवरण चढवते. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरच्या बाजारात पावसाळ्याच्या तोंडी येणारा 'बोडा' हे सालाच्या मुळांवरील अशाच बुरशीचे फळ. (आपल्याकडे वारुळावर उगवणारी अळंबी मात्र यात मोडत नाही, ती वाळवीने पोसलेली असते.) दुसरा प्रकार मुळांच्या पेशींत शिरणारा आर्बुस्क्युलर मायकोरायझा. पूर्वी त्याला 'व्हॅम' म्हणत. साग, शिवण, खैर, अंजन, बांबू, आंबा यांच्या मुळांवर हाच असतो. म्हणून आपल्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा.

स्फुरद जमिनीत फार हळू सरकते. मुळाभोवतीच्या एक-दोन मिलिमीटर पट्ट्यातले स्फुरद संपले की मूळ उपाशी राहते. माती सुकू लागली की मातीच्या कणांवरील पाण्याचा थर पातळ होतो आणि स्फुरदाची ही चाल आणखी मंदावते. बुरशीचे तंतू मुळापासून कित्येक सेंटिमीटर दूर जातात आणि जिथे केशमुळे शिरू शकत नाहीत अशा बारीक पोकळ्यांतही पोहोचतात. म्हणजे पावसात खंड पडतो तेव्हाच या सोबत्याची किंमत कळते.

पण बदलत्या हवामानात हा सोबतीच अडचणीत येतो आहे. थोड्या वेळात धो-धो पाऊस पडला की वरची माती वाहून जाते आणि बुरशीचे बहुतेक बीजाणू त्याच थरात असतात. ते जमिनीतच तयार होतात, वाऱ्यावर फारसे पसरत नाहीत. त्यामुळे धुपलेल्या माळावर ते आपोआप परत यायला बराच काळ लागतो. वणवा लागला की पालापाचोळ्याबरोबर वरच्या थरातली बुरशीही होरपळते. युरोपात वेगळेच घडले. नेदरलँड्समध्ये पशुपालनातून हवेत गेलेले नत्र जंगलात उतरत राहिले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या जंगलांतली बाह्य मायकोरायझाची अळंबी झपाट्याने कमी झाली. नत्र आयतेच मिळू लागले की झाड बुरशीला पोसण्यात हात आखडता घेते.

हाच नियम रोपवाटिकेतही लागू पडतो. पिशवीत सुपर फॉस्फेट भरमसाट टाकले तर रोप जोमदार दिसते, पण मुळे बुरशीविना राहतात आणि असे रोप माळावर टिकत नाही. कार्बेन्डाझिमची आळवणीही गरज नसताना करू नये.

आर्बुस्क्युलर बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. म्हणून ती घरी वाढवायची तर ज्वारी किंवा मक्याच्या मुळांवर वाढवावी. त्याच जातीच्या निरोगी, जुन्या झाडाखालची वरची १० ते १५ सेंटिमीटर माती बारीक मुळ्यांसह थोडीशी घ्यावी. देवराईत खणू नये, बांधावरचे झाडही चालते. ही माती रेतीमिश्रित मातीत मिसळून कुंड्या भराव्यात, ज्वारी पेरावी आणि तीन महिने वाढू द्यावी. मग पाणी तोडावे, आठ-दहा दिवसांनी ताटे जमिनीलगत कापावीत आणि मुळे बारीक चिरून मातीत मिसळावीत. झाले विरजण तयार. पिशवी भरताना ते बियांच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरवर मूठभर घालावे, म्हणजे मूळ खाली उतरताना त्यातूनच जाईल. मर किंवा सूत्रकृमी असलेल्या जागेची माती चुकूनही घेऊ नये, नाहीतर रोगच रोपवाटिकेत आणल्यासारखे होईल.

बाजारातील पाकीट घेतल्यास त्यावरील उत्पादनाची व मुदतीची तारीख पाहावी आणि ते सावलीत ठेवावे. सुपीक, बागायती जमिनीत त्याचा फरक फारसा जाणवत नाही, तेथे खर्च करू नये. मुरमाड माळावर मात्र विरजण लावलेली आणि न लावलेली दहा-दहा रोपे शेजारी लावावीत व दुसऱ्या उन्हाळ्यात मोजून पाहावीत.