निवडलेल्या घरापासून सूत्रे लिहिणारा मॅक्रो

मुरबाड किंवा शहापूरकडून ठाण्याच्या वागळे इस्टेटीत प्रथमच आलेल्या गृहस्थास पत्ता दोन रीतींनी सांगता येतो. ‘रोड नंबर १६’ असे सांगितल्यास तो कोठेही उभा असो, ठिकाण एकच राहते. ‘येथून दोन रस्ते सोडून डावीकडे’ असे सांगितल्यास मात्र ठिकाण त्याच्या उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून राहते. (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी याच वसाहतीतील लहानशा समारंभाने झाला.) संगणकावरील स्प्रेडशीटमध्येही घरांचे पत्ते याच दोन रीतींनी दिले जातात. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या १९७९ मधील व्हिसिकॅल्कमध्ये सूत्राची नक्कल करताना यंत्र प्रत्येक पत्त्याविषयी विचारीत असे, की हा कायम ठेवावा की सापेक्ष धरावा? आजचे एक्सेल असे विचारीत नाही. म्हणून तो प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारावयाचा असतो.

मॅक्रो म्हणजे यंत्राकडून एकदा पाठ करवून घेतलेली कृतींची मालिका होय. उदाहरणादाखल शालेय पोषण आहाराची तांदळाची नोंदवही घेऊ. ‘ए’ रकान्यात तारीख, ‘बी’त आरंभीची शिल्लक, ‘सी’त प्राप्त तांदूळ, ‘डी’त लाभार्थी विद्यार्थी, ‘ई’त खर्च आणि ‘एफ’मध्ये अखेरची शिल्लक असावी. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे १०० ग्रॅम हे प्रमाण किलोग्रॅममध्ये, म्हणजे ०.१, असे ‘एच१’ या घरात एकदाच लिहावे. हा आपला ‘रोड नंबर १६’. सूत्रात त्याच्या अक्षरापूर्वी व अंकापूर्वी डॉलरचे चिन्ह द्यावे. बाकीचे पत्ते सापेक्ष असावेत. आजची आरंभीची शिल्लक म्हणजे वरच्या ओळीतील ‘एफ’. खर्च म्हणजे त्याच ओळीतील ‘डी’ गुणिले प्रमाण. अखेरची शिल्लक म्हणजे ‘बी’ अधिक ‘सी’ उणे ‘ई’. आरंभी ८६ किलो असून ४२ मुले जेवली व नवा तांदूळ आला नाही, तर खर्च ४.२ किलो आणि शिल्लक ८१.८ किलो येते. अगदी पहिल्या ओळीची आरंभीची शिल्लक तेवढी हाताने लिहावी, कारण तिच्या वर केवळ मथळा असतो.

आता ही तीन सूत्रे रोज लिहिण्याचे श्रम वाचवावयाचे आहेत. प्रथम ‘ए७’सारख्या तारखेच्या घरावर उभे राहावे. ‘व्ह्यू’मधील ‘मॅक्रोज’खाली ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ चालू करावे. त्यानंतरच ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबावे. तिन्ही सूत्रे लिहून झाल्यावर खालच्या ओळीतील तारखेच्या घरावर यावे आणि ध्वनिमुद्रणाप्रमाणे चाललेली ही नोंद थांबवावी.

येथे एक गोष्ट बहुधा चुकीची समजली जाते. ही कळ बंद असली तरी सूत्रातील पत्ते बिघडत नाहीत; बिघडते ती सूत्र लिहिण्याची जागा. कळ बंद असता यंत्र ‘बी७ वर जा’ असे टिपून घेते. दुसऱ्या दिवशी आपण ‘ए८’वर उभे असलो तरी मॅक्रो पुन्हा सातव्याच ओळीत लिहितो आणि आठवी ओळ रिकामी राहते. सातव्या ओळीत पोते प्रत्यक्ष तोलून हाताने दुरुस्त केलेला आकडा असेल, तर तो पुसला जातो. कळ चालू असता यंत्र ‘उजवीकडे एक घर जा’ एवढेच टिपते.

परंतु सापेक्ष मॅक्रोही आंधळाच असतो. तारखेच्या घराऐवजी चुकून ‘बी’वर उभे राहून तो चालविला, तर पहिले सूत्र प्राप्त तांदळाच्या रकान्यात पडते आणि त्या दिवशी उतरवून घेतलेल्या पोत्यांची नोंद नाहीशी होते. मॅक्रोने केलेले काम ‘अनडू’ने परतविता येत नाही. शिवाय आजची अखेर ही उद्याची सुरुवात असल्याने एका ओळीतील चूक खालच्या प्रत्येक ओळीत उतरते, आणि वहीत तांदूळ दिसत असता कोठीतील पोते मात्र रिकामे निघते. सबब मॅक्रो चालविण्यापूर्वी फाइल जतन करावी व कोणते घर निवडलेले आहे ते सूत्रपट्टीच्या डावीकडील चौकटीत पाहावे. जतन करताना मॅक्रोसह राहणारा ‘एक्सएलएसएम’ हा प्रकार निवडावा. नेहमीच्या ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारात मॅक्रो साठविला जात नाही.